सीए झाले, आता सीओपी (सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस, म्हणजे स्वतंत्र प्रॅक्टिस करायचा परवाना) घ्यायचं का? आणि ते चालू ठेवायचं म्हणजे वर्षभर नेमकं काय काय करावं लागतं?

मयुरी_नगर

नमस्कार मंडळी. सीए फायनल जुन्या स्कीममधून पास झाले, आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचं प्रशिक्षण) तीन वर्षांची नगरलाच एका फर्ममध्ये केली. सध्या पुण्यात खराडीला एका कंपनीत फायनान्सला आहे, पगार ठीक आहे, काम मात्र दर महिन्याला तेच तेच एमआयएस, म्हणजे मॅनेजमेंटला द्यायचे रिपोर्ट. आता ज्यांच्याकडे आर्टिकलशिप केली त्या सरांनी विचारलंय की फर्ममध्ये पार्टनर म्हणून ये, त्यांचं वय झालंय आणि मुलगा इंजिनिअर आहे. मला ऑडिट मनापासून आवडतं त्यामुळे ओढ तिकडेच आहे पण घरचे म्हणतात नोकरी सोडू नकोस, सीओपी नुसतं घेऊन ठेव.

इन्स्टिट्यूटची (आपल्या सीएंच्या संस्थेची) मेंबरशिप घेतली आहे, सीओपी नाही. नोकरी करत करत सीओपी ठेवता येतं का? सीपीईचे (पास झाल्यावरही चालू ठेवायच्या शिक्षणाचे) तास किती नि कसे भरायचे? एखादं वर्ष फी किंवा तास राहिले तर काय होतं? अजून एक म्हणजे वडिलांच्या भुसार दुकानात मी कागदोपत्री पार्टनर आहे, त्याने काही अडतं का? एक मैत्रीण म्हणते सीओपी वगैरे सोड, अमेरिकेचं सीपीए (तिकडचं सीएसारखं) कर. आणि धाकटा भाऊ बारावी कॉमर्सला आहे, त्यालाही सीए करायचंय, त्याच्यासाठी सीएच्या नवीन स्कीमबद्दल (अभ्यासक्रमाबद्दल) कोणी लिहिलं तर फार बरं होईल.

ताळेबंद_कोल्हापूर

मयुरी, अभिनंदन. सविस्तर लिहितो कारण हे प्रश्न दर रिझल्टनंतर मला कोणी ना कोणी विचारतंच.

पहिली गोष्ट, मेंबरशिप आणि सीओपी ही दोन वेगळी दारं आहेत. फॉर्म २ भरून इन्स्टिट्यूटच्या रजिस्टरमध्ये नाव गेलं की तू सीए, नावापुढे एसीए लावू शकतेस. पण लोकांसाठी म्हणून काम करायचं, ऑडिट करायचं, सर्टिफिकेटवर सही करायची तर सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस पाहिजे, १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स अ‍ॅक्टचं कलम ६ तेच सांगतं. त्यासाठी फॉर्म ६, तो आता सेल्फ सर्व्हिस पोर्टलवर ऑनलाइन भरतात.

"नुसतं घेऊन ठेव" हे घरच्यांचं म्हणणं काळजीपोटी आहे पण ते तसं चालत नाही. पूर्ण पगारी नोकरी कंपनीत करत असशील तर फुल टाइम सीओपी मिळत नाही. इन्स्टिट्यूटच्या कौन्सिलची परवानगी काढून पार्ट टाइम सीओपी मिळू शकतं पण त्यावर ऑडिट, सर्टिफिकेशन, म्हणजे ज्याला आपण अटेस्ट काम म्हणतो ते काहीच करता येत नाही आणि आर्टिकल्सही (शिकाऊ विद्यार्थी) ठेवता येत नाहीत, मग ज्या कामासाठी तुला सीओपी हवंय तेच हातात उरत नाही. सीए फर्ममध्येच पगारावर असलीस तर गोष्ट वेगळी, त्याला सरसकट परवानगी आहे.

आणि आता लपून काही करताही येत नाही, करूही नये. २०१९ पासून युडिन सक्तीचं झालं, म्हणजे सीएने सही केलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटला आणि रिपोर्टला पोर्टलवरून घ्यायचा वेगळा ओळख नंबर. सर्टिफिकेट्ससाठी १ फेब्रुवारी २०१९, टॅक्स ऑडिट आणि जीएसटीसाठी १ एप्रिल, बाकी सगळ्या ऑडिट रिपोर्टसाठी १ जुलै. अठरा अंकी-अक्षरी नंबर असतो, पहिले दोन वर्षाचे, पुढचे सहा आपला मेंबरशिप नंबर, उरलेले दहा सिस्टिम देते. फुल टाइम सीओपी चालू नसेल तर पोर्टल युडिन काढूच देत नाही, आणि युडिन नसलेलं सर्टिफिकेट बँकेचा मॅनेजर आता हातात धरत नाही. हे आलं ते फार चांगलं झालं. त्याआधी आमच्याकडे कर्जाच्या फाइलींमध्ये भलत्याच माणसांनी सीएच्या नावाने मारलेले शिक्के सापडायचे, ज्याचं नाव त्याला पत्ताच नसायचा.

दुकानाचं. हे तू विचारलंस ते बरं केलंस कारण बहुतेक जण विचारतच नाहीत. प्रॅक्टिसमध्ये असताना दुसरा धंदा करायचा असेल तर कौन्सिलची परवानगी लागते, त्याच कायद्याच्या पहिल्या शेड्यूलचा क्लॉज ११. घरच्या धंद्यात नुसती स्लीपिंग पार्टनर, म्हणजे कारभारात भाग न घेणारी, म्हणून राहायला ठरावीक परिस्थितीत परवानगी मिळते पण ती आधी मागावी लागते. माझं मत विचारशील तर डीड बदलून बाहेर पड, भावाला घ्या नाहीतर आईला घ्या, नि मगच फॉर्म ६ भर. त्याच दुकानाचं ऑडिट तुमच्या फर्मकडे असेल तर तेही बघ.

खर्डेघाशी

ताळेबंद काकांनी सगळं लिहिलंच आहे. फीबद्दल फक्त. आर्थिक वर्ष सुरू झालं की मेंबरशिप आणि सीओपी दोन्हींची फी देय होते, ३० सप्टेंबरपर्यंत भरायची, वर १८ टक्के जीएसटी. नाही भरली तर नाव रजिस्टरमधून निघतं आणि अर्ज, जादा फी असं करून परत आणावं लागतं. आणि ३० सप्टेंबर हीच टॅक्स ऑडिटची नेहमीची शेवटची तारीख, म्हणजे डोकं वर काढायला वेळ नसतो तेव्हाच ही तारीख येते. एप्रिलमध्येच भरून मोकळं व्हावं.

गोदाकाठ

मयुरी, मी नाशिकला प्रॅक्टिस करते, सीपीईबद्दल मी लिहिते.

सीओपी असलेल्यांना तीन कॅलेंडर वर्षांच्या ब्लॉकमध्ये १२० तास. आत्ताचे ब्लॉक बघ, २०२३ ते २०२५ एक झाला, २०२६ ते २०२८ पुढचा. या १२० पैकी निदान ६० स्ट्रक्चर्ड पाहिजेत आणि दर वर्षी स्ट्रक्चर्डचे निदान २० तरी झालेच पाहिजेत, म्हणजे दोन वर्षं काही न करता तिसऱ्या वर्षी सगळं उरकणं जमत नाही. सीओपी नसलेल्या मेंबरांना तीन वर्षांत ६०, आणि ते कसेही भरता येतात. म्हणजे तुला आत्ता नोकरीतसुद्धा तास आहेत हे लक्षात ठेव, खूप जणांना वाटतं सीओपी नाही म्हणजे सीपीई नाही. ज्या वर्षी पहिल्यांदा मेंबरशिप मिळाली त्या वर्षापुरती सूट असते. साठी ओलांडलेल्यांनाही सवलत आहे.

स्ट्रक्चर्ड म्हणजे इन्स्टिट्यूटच्या ब्रँचचे सेमिनार, डब्ल्यूआयआरसीचे (तिच्या पश्चिम विभागाचे) कार्यक्रम, स्टडी सर्कल, सीपीई चॅप्टर, कोविडपासून सुरू झालेल्या ऑनलाइन मीटिंगा. अनस्ट्रक्चर्ड म्हणजे स्वतः वाचन, लेख लिहिणं, गटात चर्चा, ते आपण पोर्टलवर स्वतः जाहीर करायचं. आपल्याकडे पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अकोला, जळगाव, लातूर, नगर अशा ब्रँचेस आहेत, गोव्यालाही आहे, त्यामुळे तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस असली तरी तासाभराच्या अंतरावर काहीतरी असतंच.

माझा अनुभव सांगते. मुलगी लहान असताना मला दोन वर्षं प्रॅक्टिस जमणार नव्हती. तेव्हा मी सीओपी रीतसर सरेंडर केलं आणि नुसती मेंबरशिप ठेवली. फी कमी, तास कमी, आणि परत यायचं ठरलं तेव्हा फॉर्म ६ भरून पुन्हा घेतलं. बायकांना हे कोणी सांगत नाही, घरी काय चाललंय याच्या नादात सीओपी तसंच पडू देतात, फी थकते, तास थकतात, मग परत येणं फार जड होतं. काम थांबवायचं असेल तर कागदोपत्रीही थांबवा म्हणजे परत सुरू करताना पाटी कोरी असते.

कॉस्ट_सेंटर_ठाणे

इंडस्ट्रीमध्ये बरीच वर्षं काढलेला माणूस म्हणून थोडं वेगळं मत मांडतो. सीपीई हा प्रकार प्रत्यक्षात हजेरीचा झालाय. हॉलमध्ये शेवटच्या रांगेत लॅपटॉप उघडून रिटर्न भरत बसायचं, जेवायचं, सही करून यायचं, सहा तास जमा. ऑनलाइनला तर आवाज बंद करून ठेवायचा. ज्याला शिकायचंय तो तसाही शिकतो आणि ज्याला नाही त्याला १२० काय ५०० तास दिले तरी नाही. परीक्षा घ्या नाहीतर बंद करा.

गोदाकाठ

@कॉस्ट_सेंटर_ठाणे, शेवटची रांग मीही बघितली आहे, तुमचं निरीक्षण खरं आहे. पण बंद करा हे नाही पटत. मोठ्या फर्ममध्ये टेक्निकल टीम असते, रोज मेल येतात, ट्रेनिंग असतं. सिन्नर किंवा मनमाडला एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्याला काय असतं? त्याला महिन्यातून एकदा चार माणसांत बसून "तुम्ही हे कसं केलंत" असं विचारायची जागा म्हणजे स्टडी सर्कल. ते कंपल्सरी नसतं तर मार्च ते डिसेंबर तो ऑफिसमधून बाहेरच पडला नसता. परीक्षा घ्यायची तुमची सूचना मात्र मला आवडली, निदान ऑनलाइन तासांसाठी तरी.

ताळेबंद_कोल्हापूर

मी यात भर घालतो कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

एक उदाहरण देतो. २०२३ च्या फायनान्स अ‍ॅक्टने इन्कम टॅक्स कायद्याच्या कलम ४३बी मध्ये क्लॉज एच घातला, लागू झाला १ एप्रिल २०२४ पासून, म्हणजे २०२३-२४ च्या हिशोबालाच. मायक्रो आणि स्मॉल उद्योगाकडून माल घेतला आणि एमएसएमई कायद्याप्रमाणे करार नसेल तर १५ दिवसांत, लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे देशील त्या वर्षी मिळणार. इचलकरंजीत सुताचा नि कापडाचा धंदा उधारीवर चालतो, तीन तीन महिन्यांची उधारी तिथे रोजची. फेब्रुवारी-मार्चमध्ये काय फोन, काय धावपळ. कोणी म्हणे माल परत घ्या, कोणी म्हणे उद्यम रजिस्ट्रेशनच (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) रद्द करा. आता यात बारकावे आहेत, मीडियम उद्योगाला हे लागू नाही, नुसता खरेदी-विक्री करणारा ट्रेडर उद्यमवर नोंदलेला असला तरी त्याच्या बिलांना लागू नाही. ज्या सीएंनी हे आधी नीट समजून घेतलं होतं त्यांनी आपल्या व्यापाऱ्यांना डिसेंबरमध्येच सप्लायरची यादी करायला बसवलं, कोण मायक्रो, कोण ट्रेडर, कोणाला आधी द्यायचं. ज्यांनी नाही समजून घेतलं त्यांच्या क्लायंटनी घाबरून चांगले सप्लायर तोडले. आमच्या ब्रँचला त्या काळात जे सेमिनार झाले त्यात खुर्ची मिळत नव्हती, शेवटची रांगसुद्धा वही उघडून बसली होती.

दुसरं, कंपन्यांचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर. १ एप्रिल २०२३ पासून त्यात ऑडिट ट्रेल पाहिजे, म्हणजे कोणती एंट्री कधी बदलली याची नोंद, आणि ऑडिटरने रिपोर्टमध्ये त्यावर लिहायचं. कारो २०२०, म्हणजे कंपनीच्या ऑडिट रिपोर्टमध्ये कोणत्या मुद्द्यांवर लिहायचं याचा सरकारी आदेश, त्याचा रिपोर्ट २०२१-२२ पासून. हे सगळं आपण पास झालो त्या पुस्तकात नव्हतंच. मी पास झालो तेव्हा जीएसटी नव्हता, व्हॅटसुद्धा नव्हता, सेल्स टॅक्सची असेसमेंट ऑर्डर हातात घेऊन फिरायचो. मला जे सर्टिफिकेट दिलं ते त्या वेळच्या कायद्यावर दिलं आणि मी सही करतो आजच्या कायद्यावर. ही मधली दरी कोणीतरी भरायला नको का?

मयुरी_नगर

सगळ्यांचे खूप आभार, ४३बी एच बद्दल आमच्या कंपनीत आम्ही फक्त एक्सेल भरलं होतं, त्याचं कारण मला आत्ता कळलं.

ऑस्टिनची_माय_मराठी

इथे टेक्सासमध्ये सीपीए लायसन्स आहे, मूळची साताऱ्याची, तिकडून सीए करून आले होते. मयुरी, मैत्रिणीला सांग की आपली सीएची इन्स्टिट्यूट आणि अमेरिका यांच्यात परस्पर मान्यतेचा करार नाही. ऑस्ट्रेलिया, कॅनडा यांच्या संस्थांशी करार झालेले आहेत, अमेरिकेशी नाही. त्यामुळे सीए असलीस तरी इथली पूर्ण परीक्षा द्यावी लागते. चार पेपर, जानेवारी २०२४ पासून नवीन पद्धत, ऑडिट, फायनान्शियल अकाउंटिंग आणि टॅक्स-रेग्युलेशन हे तीन सगळ्यांना, चौथा तीनपैकी एक निवडायचा. प्रत्येकात ७५ लागतात. परीक्षा भारतातही देता येते, मुंबईला सेंटर आहे.

पण परीक्षा पास म्हणजे लायसन्स नव्हे, इकडेही तेच. लायसन्स राज्याचं बोर्ड देतं, केंद्र सरकार नाही. भारतात बसून परीक्षा पास झालेले खूप जण लायसन्सपर्यंत पोचतच नाहीत कारण शिक्षणाचे क्रेडिट, अनुभव आणि तो अनुभव सहीने तपासून देणारा लायसन्सधारक लागतो. फी भरताना क्लासवाले हे ठळक सांगत नाहीत, म्हणून आधी राज्य ठरवा, त्या बोर्डाच्या अटी स्वतः वाचा, मग पैसे भरा.

चालू ठेवायचं गणित ओळखीचं वाटेल. टेक्सासला तीन वर्षांत १२० तास, दर वर्षी निदान २०, शिवाय दर दोन वर्षांनी चार तासांचा एथिक्स कोर्स. रिन्यूअल दर वर्षी आपल्या जन्ममहिन्यात. कॅलिफोर्नियाला दोन वर्षांत ८०. इथे तासांचं सर्टिफिकेट आपण जपून ठेवायचं, बोर्ड अधूनमधून कोणाचीही तपासणी काढतं.

तू नगरला प्रॅक्टिस करणार असशील तर सीपीएचा उपयोग जवळजवळ नाही. अमेरिकन कंपन्यांचं काम करणाऱ्या पुण्यातल्या सेंटरमध्ये पुढे जायचं असेल तर आहे. दोन्ही रस्ते चांगलेच आहेत, पण तुला ऑडिट आवडतं आणि सरांनी फर्म देऊ केली आहे, मला तरी उत्तर स्पष्ट दिसतंय.

वऱ्हाडी_आर्टिकल

ताई, मी अकोल्याचा, सध्या नवीन स्कीममध्येच आर्टिकलशिप चालू आहे म्हणून तुमच्या भावासाठी लिहितो.

नवीन स्कीम १ जुलै २०२३ पासून. फाउंडेशनला, म्हणजे पहिल्या परीक्षेला, चार पेपर, त्यातले मॅथ्स-स्टॅट्स आणि इकॉनॉमिक्स हे दोन ऑब्जेक्टिव्ह, चुकलं की पाव मार्क कटतो तर तुक्का मारू नका म्हणावं. प्रत्येक पेपरला ४० आणि एकूण ५० टक्के. त्यानंतरच्या इंटरला आता सहा पेपर, आधी आठ होते, फायनललाही सहा. आर्टिकलशिप दोन वर्षं झाली पण इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्याशिवाय ती सुरूच होत नाही, आधी एका ग्रुपवर सुरू करता यायची. फायनलच्या आधी सेल्फ पेस्ड मॉड्यूल्स द्यायचे असतात, चार सेट, आर्टिकलशिप चालू असतानाच उरकून टाकावे. आर्टिकलशिप संपल्यावर सहा महिने अभ्यासाला मिळतात. परीक्षा आता वर्षातून तीनदा असतात तर एक अटेंप्ट गेला म्हणून सहा महिने बसून राहावं लागत नाही, आमच्या बॅचला हा खूप आधार झाला.

एक मनापासून सांगतो, आर्टिकलशिपला फर्म निवडताना स्टायपेंड बघू नका, सर सोबत बसून फाइल दाखवतात का ते बघा. मी छोट्या फर्ममध्ये आहे, स्टॉक मोजायला जिनिंगमध्ये जातो, बँक ऑडिटला एप्रिलमध्ये तालुक्याच्या ब्रँचला जाऊन बसतो, एनपीए (थकीत कर्जाची) खाती स्वतः काढतो. पुण्या-मुंबईतल्या माझ्या मित्रांनी अख्ख्या वर्षात एकाच कंपनीची व्हाउचर बघितली.

कॉस्ट_सेंटर_ठाणे

@ताळेबंद_कोल्हापूर, इचलकरंजीचं उदाहरण पटलं. आमच्याकडे हे सगळं कन्सल्टंटच्या मेलमधून येतं म्हणून त्याची किंमत वेगळी दिसते. एकट्या प्रॅक्टिशनरसाठी मुद्दा मान्य. परीक्षेच्या सूचनेवर मात्र कायम आहे.

मयुरी_नगर

सगळ्यांची उत्तरं घरी वडिलांना वाचून दाखवली. दुकानाच्या डीडमधून मी बाहेर पडणार, आई येणार. ऑस्टिनच्या ताई, तुमच्यामुळे सीपीएचा विषय संपला. भावाने वऱ्हाडी यांचा प्रतिसाद सेव्ह करून ठेवलाय.

अजून दोनच प्रश्न. नोकरीचा राजीनामा, सीओपी आणि पार्टनरशिप यांचा क्रम कसा ठेवायचा? आणि सर म्हणतात एक पतसंस्था आणि एक प्रायव्हेट लिमिटेड ऑडिटसाठी माझ्या नावावर देणार, त्या कंपनीला आधी दुसरे ऑडिटर होते, तिथे काय काळजी घ्यायची?

ताळेबंद_कोल्हापूर

क्रम असा. आधी रिलीव्हिंग लेटर हातात घे. मग दुकानाच्या डीडचं काम. मग फॉर्म ६. सीओपी मिळालं की फर्मचं पार्टनरशिप डीड नवीन करा आणि फॉर्म १८ (फर्मच्या माहितीचा) तीस दिवसांच्या आत इन्स्टिट्यूटला गेला पाहिजे, सर करतील पण तू स्वतः पोर्टलवर बघ की फर्मच्या नावापुढे तू दिसतेस का. सीओपीची तारीख ज्या दिवसापासून आहे त्याच्या आधीच्या तारखेची एकही सही करायची नाही, कोणी कितीही गळ घातली तरी. टॅक्स ऑडिटची वर्षाची मर्यादा एका सीएला ६० आहे, सर त्यांच्या वाट्याची तुझ्याकडे सरकवतील तेव्हा आपली यादी आपण ठेव.

आधीचे ऑडिटर असतील तर काम स्वीकारण्याआधी त्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे, त्याच पहिल्या शेड्यूलचा क्लॉज ८. फोन करून "सर, मी घेतेय हं" एवढं पुरत नाही. पत्र पोस्टाने पोचपावतीसह पाठव किंवा हातोहात देऊन कॉपीवर पोच घे, मेल केलास तर त्यांच्याकडून उत्तर आलेलं असू दे. त्यांची फी थकली असेल तर तेही समजून घे, कंपनीने ऑडिटर का बदलला याचं खरं कारण बहुतेक वेळा त्यांच्याच उत्तरात मिळतं. ते उत्तर आणि पोचपावती दोन्ही वर्किंग पेपरच्या फाइलमध्ये पहिल्या पानाला लाव.

पतसंस्थेचं वेगळं असतं, सहकार खात्याच्या ऑडिटर पॅनेलवर आधी नाव लागतं. सरांचं असेल, तुझं स्वतःचं लागल्याशिवाय ते ऑडिट घेऊ नकोस.